ध्वनिमुद्रिका आणि गुरुऋण
(अमेरिकेतील ‘ब्लूग्रास’ संगीताचा परिचय)

संगीत ही गुरुमुखी विद्या आहे, असे आपण परंपरेने मानीत आलो आहोत. गुरूने गावे, शिष्याने ऐकावे, गुरूने चूक दाखवावी आणि शिष्याने ती सुधारावी, असा हा क्रम होय. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या आणि शिष्याला एक नवाच गुरू लाभला. हा गुरू कधी थकत नाही, कधी रागावत नाही. एकच गत शंभर वेळा वाजवून दाखवावयास सांगितली, तरी तितक्याच उत्साहाने दाखवितो. त्याच्यात उणिवा मात्र दोन आहेत. शिष्याचे चुकले तर तो सांगत नाही, ही पहिली. आणि आपण स्वतः कोणाकडून शिकलो, हे तो बहुधा सांगत नाही, ही दुसरी.

प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी उणीव आहे. ती समजून घेण्यासाठी अमेरिकेतील ‘ब्लूग्रास’ नावाच्या संगीतप्रकाराइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. कारण हे संगीत ध्वनिमुद्रिकांच्या आधाराने वाढले, तिच्याच द्वारे जगभर गेले, आणि गेल्या काही वर्षांत त्यातील तरुण वादक ध्वनिमुद्रिकेनेच मागचे राहिलेले ऋण फेडू पाहत आहेत.

वाद्ये आणि त्यांची कामे

‘ब्लूग्रास’ याचा शब्दशः अर्थ निळे गवत. अमेरिकेच्या केंटकी राज्यात या नावाचे गवत विपुल असल्यामुळे त्या राज्यालाच ते टोपणनाव मिळाले आहे. त्या राज्याचे सुपुत्र बिल मन्रो यांनी आपल्या वाद्यवृंदास ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव दिले, आणि पुढे १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या धर्तीच्या सर्वच संगीताला लोक ‘ब्लूग्रास’ म्हणू लागले.

या वृंदात साधारणतः पाच वाद्ये असतात : व्हायोलिन (तिकडील ग्रामीण लोक तिला ‘फिडल’ म्हणतात), मँडोलिन, गिटार, बँजो आणि उभा ठेवून वाजवावयाचा मोठा, खर्जाचा ‘बास’. कित्येकदा मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूचा तुकडा फिरवून वाजविण्याची ‘डोब्रो’ नावाची गिटारही असते. ही सारी वाद्ये विजेच्या साहाय्यावाचून वाजणारी आहेत. नवल असे की, यांत तालवाद्य एकही नाही. मग ठेका कोण धरतो? बास मुख्य मात्रा देतो, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागी मँडोलिनवादक सर्व तारा एकदम छेडून हाताने तत्काळ दाबून टाकतो. त्यातून ‘चक्’ असा तुटक आवाज निघतो. ढोलकीचे काम ते नाजूक वाद्य अशा रीतीने पार पाडते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे मिरवणुकीत ज्याला ‘बेंजो’ म्हणतात, ते वस्तुतः बटणे दाबून वाजविण्याचे बुलबुलतरंग होय. अमेरिकन बँजोचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. त्या बँजोचे तोंड डफाप्रमाणे मढविलेले असते व त्याला लांब दांडी असते. त्याच्या पाच तारांपैकी एक तार आखूड असून तिची खुंटी दांडीच्या मध्यावरच बसविलेली असते. ही तार बोटाने न दाबता मोकळीच छेडतात. त्यामुळे एक उंच स्वर सतत निनादत राहतो.

हे वाद्य मुळात अमेरिकेचे नव्हे. पश्चिम आफ्रिकेतून ज्या स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून वेस्ट इंडीज बेटांत व अमेरिकेत नेण्यात आले, त्यांनी भोपळा, कातडे व काठी यांपासून आपल्या मायदेशीच्या वाद्यांच्या आठवणीने ते तेथे घडविले. गॅम्बिया व सेनेगल या देशांत ‘अकोन्टिंग’ नावाचे त्याचे एक आप्त आजही वाजते, आणि त्यालाही एक आखूड तार असते. गोऱ्या वादकांनी बँजो पुढे इतका आपलासा केला की, तो कोठून आला याचा बहुसंख्य श्रोत्यांना विसर पडला. हा विसर कसा पडला, हे आता पाहू.

ब्रिस्टल, १९२७

टेनेसी व व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचे एक गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधून सीमारेषा जाते. एक पदपथ एका राज्यात, तर दुसरा दुसऱ्या राज्यात! १९२७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीर हे आपली यंत्रसामग्री घेऊन येथे आले आणि सुमारे दोन आठवडे त्यांनी डोंगराळ मुलखातील गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण केले. विजेवर चालणारा ध्वनिग्राहक ध्वनिमुद्रणात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्याच्या योगाने हळुवार कंठ व नाजूक वाद्येही तबकडीवर स्पष्ट उतरू लागली होती. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. म्हणून रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या गतीही तीन मिनिटांत बसवाव्या लागत.

ब्रिस्टलला आलेल्या कलावंतांत कार्टर कुटुंब होते : ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि साराची अठरा वर्षांची मावसबहीण मेबेल. त्यांच्या तबकड्या देशभर खपल्या. नव्या गाण्यांची मागणी वाढली, तेव्हा ए. पी. कार्टर डोंगरातील खेड्यापाड्यांतून जुनी गाणी गोळा करीत हिंडू लागले. या भ्रमंतीत त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचे एक कृष्णवर्णीय गिटारवादक असत. गाण्याचे शब्द ए. पी. लिहून घेत, चाल ध्यानात ठेवण्याचे काम रिडल यांचे. घरी परतल्यावर ते ती चाल कार्टर कुटुंबाला वाजवून दाखवीत. मेबेल कार्टर यांनीही त्यांच्या वादनातून काही गोष्टी उचलल्या. कार्टर कुटुंबाची गाणी आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ठेव्यात गणली जातात. त्यांच्या तबकड्यांवर मात्र रिडल यांचे नाव नव्हते आणि त्यांचे वादनही नव्हते.

यामागे त्या काळची व्यापाराची रीतही होती. कंपन्या गोऱ्या ग्रामीण कलावंतांच्या तबकड्या एका यादीत विकत आणि कृष्णवर्णीयांच्या तबकड्या दुसऱ्या यादीत. कृष्णवर्णीयांकडून त्यांना मुख्यत्वे ‘ब्लूज’ची गाणी हवी असत, फिडल व बँजो वाजविणारे कृष्णवर्णीय वादक खेडोपाडी असूनही त्यांच्या वाट्याला तबकड्या फार थोड्या आल्या. ज्याची ध्वनिमुद्रिका नाही तो जणू झालाच नाही, असे पुढच्या पिढीला वाटू लागले. ध्वनिमुद्रिका हे जसे जतन करण्याचे भांडे आहे, तशी ती चाळणीही आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

दोन गुरू, ज्यांचा आवाज उरला नाही

बिल मन्रो यांचा जन्म १३ सप्टेंबर १९११ रोजी केंटकीतील रोझीन या खेड्यात झाला. आठ भावंडांत ते शेंडेफळ. फिडल व गिटार ही वाद्ये थोरल्या भावंडांनी आधीच पटकाविली होती. धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आली. तिच्या आठ तारांपैकी चारच ठेवाव्या, म्हणजे फार आवाज होणार नाही, अशी भावांची ताकीद होती! बिल दहा वर्षांचा असताना आई गेली, सोळा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे त्या पोरक्या मुलाला त्याच्या मामांनी, पेन्डल्टन व्हॅन्डिव्हर यांनी, आपल्या झोपडीत आश्रय दिला. मामा अपघाताने अधू झाले होते, परंतु फिडल उत्तम वाजवीत. गावोगावच्या नाचांच्या बैठकींना ते भाच्याला साथीला नेत. जुन्या गतींचा साठा आणि लयीची जाण बिलला या मामांकडून मिळाली.

दुसरे गुरू अर्नोल्ड शुल्ट्झ. हे कृष्णवर्णीय. कोळशाच्या खाणीत कष्टाचे काम करावे आणि सवडीने गिटार व फिडल वाजवावी, असा त्यांचा जीवनक्रम होता. त्यांच्यासारखी गिटार त्या पंचक्रोशीत कोणी ऐकली नव्हती. नाचाच्या एका बैठकीत त्यांच्या फिडलला गिटारची साथ करण्याची संधी लहानग्या बिलला मिळाली. आपल्या संगीतात ‘ब्लूज’चा जो करुण रंग आहे तो शुल्ट्झ यांच्याकडून आला, हे मन्रो यांनी पुढे आयुष्यभर सांगितले.

शुल्ट्झ १९३१ मध्ये वारले, मामा १९३२ मध्ये. दोघांपैकी एकाचीही ध्वनिमुद्रिका अस्तित्वात नाही. एक पाय अधू असलेला खेडूत आणि एक खाणकामगार! ज्या संगीताचे कोट्यवधी श्रोते झाले, त्याच्या या दोन मूळ पुरुषांचा एकही स्वर आज ऐकावयास मिळत नाही. मन्रो यांनी १९५० साली मामांवर एक गीत ध्वनिमुद्रित केले, आणि १९७२ मध्ये मामांच्या गतींची एक स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाच काढली. भाच्याच्या हातून मामांचे वादन जितके उरले तितके उरले.

तीन बोटे आणि आठ ठोके

१९३९ च्या ऑक्टोबरमध्ये मन्रो नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध नभोवाणी कार्यक्रमात दाखल झाले. परंतु ज्याला आपण आज ब्लूग्रास म्हणतो त्याचे पूर्ण रूप सिद्ध झाले ते १९४५ साली. त्या वर्षी गायक व गिटारवादक लेस्टर फ्लॅट आणि, डिसेंबरमध्ये, नॉर्थ कॅरोलायनाचे एकवीस वर्षांचे बँजोवादक अर्ल स्क्रग्ज हे वृंदात आले. या वृंदाच्या १९४६ सालच्या ध्वनिमुद्रिका ब्लूग्रासचा पायाभूत ग्रंथच मानल्या जातात.

स्क्रग्ज यांचे वैशिष्ट्य असे : अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत नख्या घालून ते तारा आळीपाळीने छेडीत. एका आवर्तनात आठ जलद ठोके, पण बोटे तीन. साहजिकच अंगठ्याचा जोर पहिल्या, चौथ्या व सातव्या ठोक्यावर येतो. म्हणजे आठाची विभागणी तीन, तीन, दोन अशी होते. टाळीने सरळ चार मात्रा मोजून तोंडाने ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन’ असे जलद म्हणून पाहा. लय सरळ असूनही ती पुढे धावत असल्याचा भास का होतो, हे कळून येईल. ही रीतही स्क्रग्ज यांनी शून्यातून निर्माण केली नव्हती. त्यांच्या भागात स्मिथ हॅमेट, स्नफी जेन्किन्स असे तीन बोटांनी वाजविणारे वादक त्यांच्या आधी होऊन गेले होते. स्क्रग्ज यांनी तिला सफाई, वेग व पूर्णता दिली.

१९४८ मध्ये फ्लॅट व स्क्रग्ज मन्रोंपासून वेगळे झाले. १९६१ साली निघालेली त्यांची ‘फॉगी माउंटन बँजो’ ही ध्वनिमुद्रिका शहरांतील तरुणांचे पाठ्यपुस्तक बनली. डोंगरात गुरू शोधावयास जाणे सर्वांना शक्य नव्हते. मग त्यांनी एक युक्ती काढली. मिनिटाला सुमारे तेहतीस फेरे घेणारी तबकडी ते सुमारे सोळा फेऱ्यांच्या गतीवर लावीत. गती निम्मी झाली की स्वराची कंपनसंख्याही निम्मी होते, म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. भौतिकशास्त्राचा हा नियम तुम्ही वर्गात शिकताच. वाद्य जरा घोगरे ऐकू येई, पण प्रत्येक ठोका सुटा होऊन कळे. एकलव्याने मातीच्या मूर्तीपुढे धनुर्विद्या साधली. या मुलांनी काळ्या तबकडीपुढे बँजो साधला.

न्यूयॉर्क शहरात १९५८ साली जन्मलेले बेला फ्लेक हे असेच. दूरचित्रवाणीवरील एका विनोदी मालिकेच्या आरंभी स्क्रग्ज यांचा बँजो वाजत असे. तो कानी पडला आणि मुलाचे आयुष्यच बदलले. आज बँजोच्या क्षेत्रात त्यांचे नाव अग्रभागी आहे.

तबकडीवर उतरलेला संवाद

१९७१ च्या ऑगस्टमध्ये एक लक्षणीय घटना घडली. कॅलिफोर्नियातील ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ हा लांब केस राखणाऱ्या तरुणांचा वृंद नॅशव्हिल येथे आला आणि त्याने जुन्या पिढीतील कलावंतांना आपल्याबरोबर वाजविण्याची विनंती केली. मेबेल कार्टर आल्या, स्क्रग्ज आले, अंध गिटारवादक डॉक वॉटसन आले, मर्ल ट्रॅव्हिस आले. हे ध्वनिमुद्रण १९७२ मध्ये तीन तबकड्यांच्या संचाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. विशेष हा की, दोन गाण्यांमधील बोलणे त्यातून कापून टाकलेले नाही. वॉटसन व ट्रॅव्हिस यांची ती पहिलीच भेट. ट्रॅव्हिस यांच्याविषयीच्या आदरामुळे वॉटसन यांनी आपल्या मुलाचे नाव ‘मर्ल’ ठेवले होते! हे दोघे एकमेकांशी बोलताना तबकडीवर ऐकू येतात.

आता एक गुरुपरंपरा पाहा. मर्ल ट्रॅव्हिस यांनी अंगठ्याने खर्ज धरून बोटांनी चाल वाजविण्याची विद्या मोझ रेगर यांच्याकडून घेतली. रेगर यांनी ती केनेडी जोन्स यांच्याकडून. आणि जोन्स यांना तिची वाट दाखविली ती अर्नोल्ड शुल्ट्झ यांनी. ज्या खाणकामगाराचा एक स्वरही तबकडीवर नाही, त्याचा अंगठा या परंपरेच्या रूपाने तेथे हजर होता. ही नावे ज्याला ठाऊक असतील त्यालाच तो ऐकू येईल.

नव्या ध्वनिमुद्रिका

गेल्या काही वर्षांत या संगीतात एक नवी पिढी पुढे आली आहे. तिच्या सर्वच ध्वनिमुद्रिकांचा परामर्श येथे घेणे शक्य नाही. चार निवडक उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण बेला फ्लेक यांच्या २०२१ सालच्या ‘माय ब्लूग्रास हार्ट’ या संग्रहाचे. सॅम बुश, जेरी डग्लस अशा ज्येष्ठांबरोबर बिली स्ट्रिंग्ज, मॉली टटल, सिएरा हल हे तरुण त्यात वाजवितात. स्पर्धा तर आहेच. परंतु एकाने वाजविलेले दुसरा लक्षपूर्वक ऐकतो आणि मगच उत्तर देतो. या संग्रहास २०२२ साली ब्लूग्रासचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

दुसरे बिली स्ट्रिंग्ज यांचे. १९९२ साली मिशिगन राज्यात जन्मलेला हा गिटारवादक आज हजारो श्रोत्यांपुढे वाजवितो. असे असता २०२२ साली त्यांनी ‘मी अँड डॅड’ हा संग्रह काढला तो आपल्या सावत्र वडिलांना, टेरी बार्बर यांना, शेजारी बसवून. ज्यांच्या मांडीशी बसून लहानपणी ही गाणी शिकली, त्यांच्याचबरोबर ती पुन्हा गायिली. एका गीतात आईचाही स्वर आहे. मन्रो यांना मामांच्या बाबतीत जे साधता आले नाही, ते या मुलाने वेळीच साधले.

तिसरे मॉली टटल यांचे. ब्लूग्रासमधील गिटारवादन ही दीर्घकाळ पुरुषांची मिरास समजली जाई. २०१७ साली आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संस्थेचा उत्कृष्ट गिटारवादनाचा पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. त्यांचे वडील संगीतशिक्षक, आजोबा इलिनॉय राज्यातील शेतकरी व बँजोवादक. २०२२ सालच्या ‘क्रुकेड ट्री’ या त्यांच्या संग्रहाला आजोबांच्या शेतावरील आठवणींची पार्श्वभूमी आहे. ‘क्रुकेड ट्री’ म्हणजे वाकडे झाड. सरळ झाडे तोडली जातात आणि वाकडे तेवढे उभे राहते, ही त्यामागील कल्पना. टटल यांच्या मस्तकावरील केस एका व्याधीमुळे बालपणीच गळाले. हे जाणून ते गीत ऐकले म्हणजे त्याचा अर्थ अधिक खोल जातो.

चौथे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००५ साली नॉर्थ कॅरोलायनामध्ये कृष्णवर्णीय बँजोवादकांचा एक मेळावा भरला. तेथे रायॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स व जस्टिन रॉबिन्सन हे तीन तरुण एकत्र आले. मेबेन गावी जो थॉम्पसन नावाचे शहाऐंशी वर्षांचे फिडलवादक राहत होते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या नाचगतींची जुनी परंपरा ज्यांच्या हातात जिवंत होती, अशांपैकी ते अगदी अखेरचे. हे तिघे आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जात. थॉम्पसन वाजवीत आणि हे ऐकून वाजवीत. पुस्तक नाही, स्वरलिपी नाही. या शिक्षणातून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वृंद जन्मला. त्यांच्या २०१० सालच्या ध्वनिमुद्रिकेस पुढील वर्षी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. थॉम्पसन २०१२ साली निवर्तले.

पुढे गिडन्स व रॉबिन्सन यांनी बँजो व फिडल यांची अठरा जुनी गीते व गती असलेला एक नवा संग्रह केला; तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. बंद, निःशब्द ध्वनिमुद्रणगृहात न बसता ते जो थॉम्पसन यांच्या घरी गेले, आणि एट्टा बेकर या दिवंगत गिटारवादिकेच्या घरीही. एट्टा बेकर यांनी आयुष्याची कित्येक वर्षे कापडगिरणीत घालविली होती. तेथे उघड्यावर बसून हे दोघे वाजवीत असता भोवतालचे पक्षी आणि ‘सिकाडा’ नावाचे झाडावर किरकिरणारे कीटक यांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले, आणि ते मुद्दाम तसेच ठेवले. या कीटकांचे काही समूह तेरा वर्षांनी, तर काही सतरा वर्षांनी जमिनीतून वर येतात. २०२४ साली अशा दोन समूहांची वेळ एकच आली. तेरा गुणिले सतरा म्हणजे दोनशे एकवीस. २०२४ मधून ते वजा केल्यास १८०३ हे साल येते. म्हणजे या दोन समूहांचा योग यापूर्वी आला तेव्हा ही वाद्ये वाजविणारे बहुतेक कृष्णवर्णीय हात गुलामगिरीत होते! ज्या अंगणात विद्या मिळाली त्या अंगणासकट, तेथील झाडांसकट, गुरूच्या नावासकट ती तबकडीवर उतरविणे, याहून चोख ऋणनिर्देश कोणता?

बँजो आणि बासरी

या संगीताचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. डोब्रोवादक जेरी डग्लस आणि मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट यांची संयुक्त ध्वनिमुद्रिका १९९५ साली निघाली. तारांवरून सरकवून मींड घेण्याची दोन्ही वाद्यांची रीत एकच. मुंबईत जन्मलेले व वाढलेले तबलानवाज झाकिर हुसेन यांनी बेला फ्लेक व बासवादक एडगर मेयर यांच्यासमवेत अनेक वर्षे वादन केले. २०२३ सालच्या ‘अ‍ॅज वुई स्पीक’ या त्यांच्या संग्रहात पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे पुतणे व शिष्य राकेश चौरसिया यांची बासरी आहे. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकिरभाई आपल्याला सोडून गेले. आफ्रिकेच्या मढविलेल्या भोपळ्याचा वंशज आणि आपली वेळूची बासरी एका मैफलीत निःसंकोच बोलतात, ती दोन्हीकडील वादकांनी आपापल्या गुरूंचे ऐकून घेण्याची विद्या नीट आत्मसात केली म्हणून.

उपसंहार

विद्यार्थी मित्रहो, वर उल्लेखिलेल्या बहुतेक ध्वनिमुद्रिका आज घरबसल्या ऐकता येतात. त्या अवश्य ऐका. परंतु हा लेख केवळ त्यासाठी लिहिलेला नाही.

पेन मामांच्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोटारीत घालून आणावे लागे, आणि कोणाचा आवाज घ्यावयाचा हे परगावचा व्यापारी ठरवी. आज ते यंत्र तुमच्या घरात, वडिलांच्या खिशात आहे, आणि निवड तुमची आहे. आपण महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणारी मराठी माणसे. आपल्या आजीची ओवी, शेजारच्या काकांचा अभंग, गावच्या भजनीबुवांची चाल यांत या मातीचे आणि आपल्या मुलुखाचे जे मिश्रण झाले आहे, ते इतरत्र कोठेही सापडावयाचे नाही. ते टिपून ठेवण्यास कोणताही राल्फ पीर येणार नाही. आणि केवळ आवाज टिपून भागणार नाही. ‘आजी, हे तू कोणाकडून शिकलीस?’ हा प्रश्न आधी विचारा आणि तिचे उत्तरही त्याच ध्वनिमुद्रिकेत राहू द्या. अर्नोल्ड शुल्ट्झ यांना हा प्रश्न ध्वनिग्राहकापुढे कोणी विचारला नाही.

अभ्यासासाठी

१. ध्वनिमुद्रिकेला ‘भांडे’ आणि ‘चाळणी’ असे दोन्ही का म्हटले आहे, ते लेखातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

२. तबकडीची गती निम्मी केल्यास स्वर एक सप्तक खाली का उतरतो? गती दुप्पट केल्यास काय होईल?

३. आपल्या घरातील अथवा शेजारातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे एक गाणे, ओवी किंवा आरतीची चाल ध्वनिमुद्रित करा. गाणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक आणि ती चाल कोणाकडून मिळाली, या चार गोष्टींची नोंद वहीत करून ती शाळेच्या ग्रंथालयात जमा करा.